प्रगतीस वाव आहे

दुकानात शिरलं की माझ्या बाबांचा आवाज बदलतो. घरात ते मला "अगं, पंखा बंद कर" असं सरळ फर्मान सोडतात, पण भाजीवाला असो, औषधांच्या दुकानातला माणूस असो की बँकेच्या दारातला रखवालदार, सगळ्यांना ते "अहो" म्हणतात. काही मागायच्या आधी "जरा त्रास देतो हं" असं म्हणून ठेवतात. आमच्या मीरा रोडला दुकानदाराशी हिंदीत बोलायची रीत आहे. बाबा मराठीत सुरुवात करतात, समोरच्याचा चेहरा बघून हिंदीत शिरतात, आणि "आप जरा तसदी लेंगे क्या" असं काहीतरी बोलून त्याला बुचकळ्यात टाकतात. तरी त्याला एवढं नक्की कळतं की हे गृहस्थ आपल्याशी मान देऊन बोलतायत.

मी त्यांची एकुलती एक मुलगी, पण हा गुण माझ्यात उतरलेला नाही. माझं डोकं पटकन तापतं. कस्टमर केअरला फोन लावला, एक दाबा, दोन दाबा करत तीच ती धून ऐकावी लागली, की पुढे जो कोणी फोन उचलेल त्याची धडगत नसते. पलीकडच्या खोलीतून बाबा विचारतात, "तो काय कंपनीचा मालक आहे का गं?" मालक नाही हे मलाही ठाऊक असतं, पण मालक कधी फोनवर येत नाही त्याला मी काय करू? असो. सांगायचा मुद्दा हा की, दुकानातल्या माणसाशी कसं वागावं हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवायचं झालंच, तर ते बाबांनी मला शिकवायचं. आणि तरीही एका मुलीची नोकरी धोक्यात आली ती माझ्यामुळे नाही, बाबांमुळे.

बाबा गिरगावातल्या एका शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर तिथली छोटी जागा सोडून आम्ही तिघं इथे मीरा रोडच्या हाटकेशला आलो. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी सकाळी अंधेरीला ऑफिसला जाते, बाबा दिवसभर वाचतात. त्यामुळे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, वाचायला कधी लागणार. डॉक्टरांनी नवा नंबर दिला आणि आम्ही स्टेशनकडच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या चष्म्याच्या दुकानात गेलो. एकाच कंपनीची गावोगाव दुकानं असतात ना, त्यातलं एक. सगळीकडे आरसे, गार हवा, आणि गणवेशातली तरुण मंडळी.

तिथल्या एका मुलीने बाबांना हाताशी धरलं. पंचविशीची असेल. उत्तनजवळच्या पालीची, कोळ्यांच्या घरातली. रोज तिकडून बसने भाईंदरला यायची आणि तिथून पुढे मीरा रोडला. पहिल्यांदा तिने बाबांना "अंकल" म्हटलं. बाबा मराठीत बोलतायत म्हटल्यावर लगेच "काका" झालं. तिचं दुकानातलं मराठी आपल्यासारखंच होतं, पण बोलता बोलता मधूनच एखादं "हाय" नाहीतर "न्हाय" निसटायचं. बाबांना ते फार आवडायचं. त्यांनी पहिल्याच दिवशी तिच्याकडून बोंबील वाळवायच्या काठ्यांना पालीत काय म्हणतात ते विचारून घेतलं. मी मागे उभी राहून घड्याळ बघत होते.

वर लांबचं आणि खाली जवळचं दाखवणारा चष्मा होता तो. ज्यांनी वापरलाय त्यांना माहीत आहे, सुरुवातीचे दिवस फार वाईट जातात. पायरी जिथे दिसते तिथे ती नसते. बाबा जिन्यात अडखळले, त्यांचं डोकं दुखायला लागलं, आणि ते पुन्हा दुकानात गेले. मग परत गेले. नंतर नंतर मी ऑफिसात असताना एकटेच जायला लागले. दर वेळी ती मुलगी "या काका" म्हणून उठायची, चष्मा काढून घ्यायची, काड्या गरम हवेवर धरून कानामागे थोड्या वाकवायची, आणि मग बाबांचा दंड धरून त्यांना दुकानातल्याच पोटमाळ्याच्या पायऱ्या चढवून-उतरवून बघायची. "मान खाली घाला काका, नुसते डोळे नको." पुन्हा वर, पुन्हा खाली. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असली तरी तिचा हात घाई करायचा नाही. हे मला बाबांनीच सांगितलं, आणि एकदा शनिवारी मी स्वतः पाहिलं. एवढ्या सबुरीने मी बाबांना कधी रस्तासुद्धा ओलांडून दिलेला नाही.

शेवटी चष्मा बसला. बाबा पुन्हा तासन्‌तास वाचायला लागले. आणि मग एके दिवशी त्यांच्या फोनवर दुकानाकडून मेसेज आला: तुमचा अनुभव कसा होता ते कळवा. खाली पाच रिकामे तारे, आणि दोन शब्द लिहायला चौकट.

असे मेसेज मला दिवसाला दोन येतात. मी न बघता पाचही तारे पेटवते आणि पुढच्या कामाला लागते, नाहीतर उघडतच नाही. बाबांचं तसं नव्हतं. त्यांना कुणीतरी मत विचारलं होतं. त्यांनी संध्याकाळी चहा घेऊन, नवा चष्मा लावून, नीट विचार करून उत्तर दिलं. रात्री जेवताना मला म्हणाले, "त्या मुलीबद्दल चांगला अभिप्राय दिलाय मी." मी "बरं केलंत" म्हटलं आणि आमटी वाढली.

मध्ये तीन-चार आठवडे गेले. चष्म्याच्या नाकावर टेकणाऱ्या रबरी गाद्यांतली एक निघून पडली, म्हणून सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं दुकानाकडे गेलो. ती मुलगी बाहेरच भेटली. दुकानाच्या दाराशी, फुटपाथवर, उन्हात उभी होती, हातात पत्रकांचा गठ्ठा. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पुढे एकेक पत्रक धरत होती. लोक तिच्याकडे न बघता हात झटकून पुढे जात होते. बाबांना पाहून ती हसली, पण ते हसू दुकानाचं होतं. "नमस्कार सर," म्हणाली, "आत जा, अटेंड करतील."

बाबा दारातच थबकले. "सर म्हणाली मला," ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले.

आत मॅनेजरने स्वतः गादी बसवून दिली. तरुण होता, सभ्य होता, गुजराती वळणाची हिंदी बोलत होता. मी आपलं माझ्या स्वभावाप्रमाणे विचारलं, की आमची नेहमीची मुलगी उन्हात का उभी आहे, आणि पत्रकं वाटायला दुसरं कोणी नाही का. तो जरा कचरला. मग त्याने सांगितलं ते असं, की प्रत्येक गिऱ्हाईक ज्याने सांभाळलं त्याच्या नावावर ते तारे जमा होतात. कुणाला कमी तारे आले तर तो महिना त्याला काउंटरवर बसवायचं नाही असा वरून नियम आहे. त्यातून या मुलीला याच महिन्यात परमनंट करायचं होतं. ते आता पुढे ढकललं गेलं. पुढच्या तपासणीतही असंच झालं तर कंत्राट संपेल, आणि मग तिला ठेवता येणार नाही.

"मुलगी चांगली आहे हो," तो म्हणाला, अर्थात त्याच्या हिंदीत. "पण एका कस्टमरने तीन दिले. वर मराठीत रिमार्कपण लिहिला. मला मराठी वाचता येत नाही, फोनवर भाषांतर करून बघितलं, तर सुधारायला जागा आहे असं काहीतरी होतं."

बाबांनी काउंटरची कड धरली.

"प्रगतीस वाव आहे," ते म्हणाले.

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी बाबांकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मला एका क्षणात सगळं कळलं. त्यांनी त्या चौकटीत काय लिहिलं असेल ते मला शब्दन्‌शब्द दिसलं, कारण हा शेरा गिरगावातल्या कित्येक पिढ्यांच्या प्रगतिपुस्तकांवर त्यांच्या हातचा होता: सेवा समाधानकारक. प्रगतीस वाव आहे.

घरी आल्यावर बाबा उसळले. "अगं, पाचापैकी तीन म्हणजे साठ टक्के. साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. मी तिला फर्स्ट क्लास दिला आणि ती नापास कशी होते?"

ज्यांनी आमच्या काळात मराठी शाळेत मराठीचा पेपर दिलाय त्यांना बाबांचं गणित समजावून सांगायला नको. मराठीत पैकीच्या पैकी कुणाला मिळत नसत. तसे देणारा मास्तर एक तर झोपेत पेपर तपासतो, नाहीतर मुलांना लाडावून ठेवतो, असा समज होता. बाबांच्या वर्गात साठ मिळाले की मुलं घरी पेढे न्यायची. सत्तरच्या वर कुणी गेलं तर शिक्षकांच्या खोलीत चर्चा व्हायची. आणि "प्रगतीस वाव आहे" हा शेरा ढ मुलाला नसायचाच. त्याला "अभ्यास वाढवावा." ज्याच्याकडून काही अपेक्षा करावी अशा मुलालाच हा शेरा मिळायचा. बाबांनी त्या मुलीला त्यांच्या जवळचं सगळ्यात चांगलं ते दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हा विषय सोसायटीच्या बागेतल्या बाकावर नेला. तिथे बसणारे सगळे त्यांच्याच वयाचे, कुणी पोस्टातून निवृत्त, कुणी गोदीतून, बहुतेकांची मुळं रत्नागिरीत नाहीतर रायगडात. त्यांना बाबांचं सगळं पटलं. तीन म्हणजे चांगलेच की. एकाने सांगितलं की तो सुनेच्या स्वयंपाकालाही तीनच देईल, आणि सून उत्तम रांधते. हे ऐकून शेजारी उभी असलेली मी त्या सुनेच्या वतीने मनातल्या मनात पेटले. पण त्या बाकावर काय चाललं होतं ते मला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं. ही सगळी सज्जन माणसं. यांच्यातला एकही दुकानात आवाज चढवणारा नाही. तोंडावर कुणाचं कौतुक केलं की तो माणूस बिघडतो, अशा समजुतीत यांचा जन्म गेला. चांगलं झालं तर गप्प बसायचं. वाईट झालं तर बोलायचं. त्यांच्या मते त्या गप्प बसण्यातच सगळी पावती आली.

आणि तिकडे हे तारे. त्यांचा हिशेब अगदी उलटा. तिथे पाच म्हणजे काही तक्रार नाही, एवढंच. त्याच्या खाली सगळीच तक्रार. मॅनेजरने आम्हाला निघताना साध्या शब्दांत सांगितलं होतं: "हमारे यहाँ पाँच मतलब पास. चार मतलब फेल." हे कंपनीला माहीत असतं, काउंटरमागच्या मुलीला माहीत असतं, फक्त ज्याच्या हातात तारे दिलेत त्या गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. मुलीलाही सांगायची सोय नसते. "पाच द्या" असं गिऱ्हाइकाला म्हटलेलं वर कळलं तर तिचीच कानउघाडणी. मला त्या कंपनीचा असा राग आला की मी कस्टमर केअरचा नंबर शोधायला घेतला.

बाबांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "तू नको. तू त्या बिचाऱ्याला रडवशील. चूक माझी आहे, मी बोलतो."

ते बोलले. एक दाबलं, दोन दाबलं, धून ऐकली, पुन्हा ऐकली. पलीकडे कुणी मुलगी होती, कुठल्या गावाहून बोलत होती देव जाणे. बाबांनी तिला नमस्कार केला, तिची तब्येत विचारली, आणि आपल्या हिंदीत सांगितलं की मला एका उत्तरपत्रिकेचं पुनर्मूल्यांकन करायचं आहे. तिला काही समजेना. मग मी शेजारून एकेक वाक्य सांगत गेले. एकदा दिलेले तारे बदलता येत नाहीत, ती म्हणाली. पण कर्मचाऱ्याचं कौतुक नोंदवून घेता येतं, ते त्या दुकानाच्या वरिष्ठांकडे जातं. त्याचा उपयोग होईलच असं ती सांगू शकत नव्हती. बाबांनी कौतुक नोंदवायला सांगितलं. मग शेवटी त्या मुलीने पाठ केलेल्या सुरात विचारलं, की या कॉलला गुण देण्यासाठी लाइनवर राहाल का. बाबांनी पाचाचं बटण दाबलं, मग पुन्हा दाबलं, आणि फोन माझ्यापुढे धरला. "लागला ना गं नीट? बघ बरं."

एवढ्यावर हे थांबलं असतं तर मी लिहायलाही बसले नसते. बाबांचं मात्र समाधान झालं नव्हतं. तिला तोंडावर सांगायला हवं, असं ते म्हणायला लागले. मी म्हटलं की तिला कळलंच पाहिजे असं काही नाही, उगाच तिला आणखी अवघडल्यासारखं होईल. पण त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला. हे ते लग्नाला आणि सांत्वनाला जाताना करतात. मीही बरोबर गेले.

ती दाराशीच होती, तशीच पत्रकं घेऊन. बाबांनी तिच्यासमोर उभं राहून सांगितलं की ते तीन तारे मी दिले. ती म्हणाली, "माहीत हाय काका. मराठीत कोण लिहिणार दुसरं?"

मग बाबांनी तिला साठ टक्क्यांचं सांगायला सुरुवात केली. ती ऐकत होती, पण मधेच तिने गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि त्यांना थांबवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"काका, मला नोकरीचं टेन्शन हाय ते हायच. पन ते सोडा. मी घरी आईला सांगायची, एक काका येतात, एवढं छान बोलतात, आपल्या मासळीचं विचारतात. तिला पन तुम्ही माहीत हाय. आन मंग हे तीन आले. तेव्हापासून मला कळतच न्हाय. तुम्ही बोलत होतात ते खरं, का ते तीन खरे?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एक रिक्षा हॉर्न वाजवत अगदी जवळून गेली. मला त्यांची इतकी दया आली की मी मध्ये पडून काहीतरी बोलणार होते. पण तिचा प्रश्न मला विचारलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर उत्तर मलाही ऐकायचं होतं.

"बोलत होतो ते खरं," बाबा शेवटी म्हणाले. "मला तुमचं काम फार आवडलं. तुमच्यामुळे मी परत वाचायला लागलो. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. मला म्हणायची सवय नाही."

मग तिने मान हलवली आणि म्हणाली, "ऊन हाय काका, आत बसा." आम्ही आत गेलो नाही, घरी आलो. पण तिने काका म्हटलं होतं. बाबांनी रिक्षात मला ते दोनदा सांगितलं.

पुढचे काही महिने बाबांचा जीव टांगणीला लागला होता. पुढच्या महिन्यात ती काउंटरवर परतली. बागेतल्या बाकावरच्या ज्यांना ज्यांना चष्म्याची गरज होती त्यांना बाबा तिच्याकडे पाठवत राहिले, आणि पाठवताना निक्षून सांगत राहिले की मेसेज आला तर आपलं डोकं चालवायचं नाही. पोस्टातले गृहस्थ अडून बसले. अजून चष्मा नीट घातलाही नाही आणि एकदम पाच कसे द्यायचे, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. बाबांनी त्यांच्याशी वाद घातला, चिडले, आणि जिंकले. कौतुकाच्या बाबतीत माझ्या बाबांनी कुणावर जबरदस्ती केलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

ती परमनंट झाली. कशामुळे, ते मला सांगता येणार नाही. फोनवर नोंदवलेल्या कौतुकामुळे, की बाकावरच्या म्हाताऱ्यांमुळे, की त्या महिन्यांत तिच्यापुढे बसलेल्या इतर सगळ्या अनोळखी माणसांमुळे, ज्यांनी न बघता पाच दाबले. माझा अंदाज या शेवटच्यांवर आहे. आम्हाला ही बातमी कळली ती माझ्या निमित्ताने. औषधाच्या डबीवरची अक्षरं मला आता हात लांब केल्याशिवाय दिसत नव्हती, आणि बाबा म्हणाले, चल, वय झालं तुझं.

तिने मला खुर्चीवर बसवलं, माझी फ्रेम नाकावर ठेवली आणि आधी तीच बातमी सांगितली. बाबांनी "अभिनंदन" म्हटलं. मग थांबून, जरा जोर लावल्यासारखं करून म्हणाले, "फार छान झालं." ती हसली. या वेळी ते हसू दुकानाचं नव्हतं. मग तिने बारीक अक्षरांचं एक कार्ड माझ्या हातात दिलं आणि वाचायला सांगितलं. कार्डावर दोन्ही भाषांत मजकूर होता. मी मराठी वाचलं, हात लांब करून, मोठ्याने, शेवटपर्यंत.

"ताई, तुम्ही वाचता छान," ती सहज म्हणाली.

"ती पहिल्यापासून छान वाचते," बाबा शेजारच्या स्टुलावरून म्हणाले. "लिहितेही छान. आठवीत माझ्याच वर्गात होती. तिने एक निबंध लिहिला होता, तो मी घरी जाऊन तिच्या आईला वाचून दाखवला होता. दोनदा."

मला तो निबंध आठवत होता. आमच्या गॅलरीतून दिसणाऱ्या एका बंद खिडकीवर लिहिला होता. त्यावर लाल शाईत काय होतं तेही आठवत होतं, पण ते इथे सांगायला नको. आठवीत तो कागद हातात आला तेव्हा मी ठरवलं होतं की बाबांना माझं लिहिणं आवडत नाही. त्यानंतर मी त्यांना काही दाखवलं नाही. दहावीनंतर मी कॉमर्स घेतलं.

"मग तेव्हा सांगितलं होतं का ताईंना?" ती पेनाचं टोपण काढत म्हणाली.

"नाही," बाबा म्हणाले.

"तुमचं हे असंच हाय काका," ती म्हणाली, आणि माझ्या चष्म्याच्या काचेवर बुबुळाच्या समोर ठिपका मारायला पुढे वाकली. "ताई, सरळ माझ्याकडे बघा. हलू नका."

मी तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला. मला तिचा चेहरा नीट दिसेना. बाबांनी स्टूल थोडं पुढे सरकवलं होतं. हे तेव्हाच का सांगितलं नाहीस, असं ज्या माणसाला विचारायला हवं होतं ती माझी आई आता नव्हती. तिने तो निबंध ऐकला होता, दोनदा, आणि तीही मला कधी काही म्हणाली नाही.

मुलीने पेन खाली ठेवलं. फ्रेम माझ्या नाकावरून अलगद काढून घेतली, खणातून टिश्यू पेपर काढून माझ्या हातात दिला. माझ्यामागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातला एक जण घड्याळ बघत होता. तिने त्यांना हिंदीत सांगितलं, दोन मिनिटं लागतील, आणि माझे डोळे पुसून होईपर्यंत ती हात मांडीवर ठेवून थांबून राहिली.